वाचकांचे प्रश्न : जुनी बेस गिटार घेताना आणि विकताना

या महिन्यात बेस गिटारविषयी पाच पत्रे आली आणि ती पाचही कोल्हापूर शहरातून किंवा जवळच्या गावांतून आलेली आहेत. कोणाला वाद्य घ्यायचे आहे, कोणाला विकायचे आहे, तर कोणाला घरातल्या वाद्याचा दोष समजत नाही. मात्र वाद्य हातात घेऊन पारखावे कसे, हा प्रश्न बहुतेकांच्या मनात आहे. म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आमच्या बँडमध्ये बेस वाजवायला कोणी नसल्याने ते काम मी अंगावर घेतले आहे. माझ्याकडे साठवलेले 15,000 रुपये आहेत. लक्ष्मीपुरीतील एका गृहस्थांकडे चार तारांची वापरलेली बेस गिटार आहे आणि तिच्या डोक्यावर फेंडर असे नाव आहे. ती मूळ अमेरिकन असून दुसरे गिऱ्हाईक तयार आहे, तेव्हा आजच इसार द्या, असे ते म्हणतात. मी काय पाहावे?
— एक विद्यार्थी, राजारामपुरी

उत्तर : आज इसार देऊ नये. दुसरे गिऱ्हाईक दारात उभे असल्याचे सांगणे ही प्रत्येक बाजारातली जुनी रीत आहे, आणि ते गिऱ्हाईक खरोखरच उभे असले तरी न पारखता घेतलेल्या गिटारीपेक्षा हातची गेलेली गिटार स्वस्त पडते.

आधी नावाविषयी सांगतो. लिओ फेंडर यांनी 1951 साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस बाजारात आणली. उभ्या डबल बेसवर पडदे नसतात आणि स्वर बोटाच्या अंदाजाने शोधावा लागतो; या नव्या वाद्यावर पडदे, म्हणजे फ्रेट, असल्याने स्वर नेमका मिळू लागला आणि त्यावरूनच तिला प्रिसिजन, म्हणजे अचूकता, हे नाव पडले. 1960 साली त्याच कंपनीची जॅझ बेस आली. पुढे जगभरातील कंपन्यांनी या दोन आकारांच्या इतक्या प्रतिकृती काढल्या, की केवळ आकारावरून काहीच सिद्ध होत नाही. डोक्यावरचे नाव तर एक पातळ चित्र असते आणि ते कोणालाही चिकटवता येते. फेंडरचाच स्क्वायर हा कमी किमतीचा वर्ग आहे, त्याच्या गिटारी इंडोनेशिया आणि चीन येथेही बनतात, आणि त्यांपैकी कित्येक शिकाऊ वादकाला वर्षानुवर्षे पुरतील इतक्या चांगल्या असतात. सुस्थितीतील मूळ अमेरिकन फेंडर 15,000 रुपयांत मिळणार नाही, एवढे लक्षात ठेवून त्या गृहस्थांच्या बोलण्याचे वजन करावे. पण नाव खोटे निघाले म्हणून वाद्य वाईटच असेल, असेही समजू नये.

माझे आग्रहाचे सांगणे एवढेच, की मान आधी पाहावी आणि नाव सर्वांत शेवटी वाचावे. वादक जिला नेक म्हणतात त्या लाकडी मानेवर चार तारांचा मिळून साधारण 70 ते 80 किलोंचा ताण रात्रंदिवस असतो, म्हणजे सिमेंटचे दीड पोते तिला कायमचे टांगलेले असते. हा ताण तोलण्यासाठी मानेच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई बसवलेली असते. गिटार आडवी धरून, एक डोळा मिटून, गवंडी दोरी पाहतो तशी मानेच्या दोन्ही कडांवरून नजर टाकावी. दोन्ही कडा सारख्याच वळलेल्या दिसल्या तर तो बाक आहे आणि तो बहुधा दुरुस्त होतो. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर मानेला पीळ बसला आहे. अशी गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

त्यानंतर जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने दाबावी, दुसऱ्या हाताने मान धडाला जिथे मिळते तिथल्या पडद्यावर दाबावी, आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांच्यातली फट पाहावी. एखादे व्हिजिटिंग कार्ड हलकेच सरकेल इतकी, म्हणजे सुमारे 0.3 मिलिमीटर फट असावी. फट त्याहून बरीच मोठी असेल तर विकणाऱ्याच्या परवानगीने ट्रस रॉडचा नट आधी किंचित सैल करावा आणि मग पाव फेरा घट्ट करून पाहावा. तो फिरला आणि फट कमी झाली, तर वाद्यात जीव आहे.

ही परीक्षा मी अनुभवाने शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम संपल्यावर, मंचामागच्या अंधुक दिव्यात, एका वादकाकडून मी एक सुंदर काळी बेस विकत घेतली. आवाज ऐकून मी भारावलो होतो आणि मानेकडे पाहिलेच नाही. घरी येऊन नटाला पाना लावला तेव्हा तो शेवटपर्यंत आवळलेला निघाला. पुढे फिरायला त्याला जागाच उरली नव्हती, आणि बाराव्या पडद्यापाशी तारा इतक्या उंच होत्या, की दाबताना बोटांना वळ पडत. माझे वर्षभराचे पैसे त्या वाद्यात अडकले होते. ते दुःख आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून इतके तपशिलात लिहितो आहे.

मान ठीक निघाली तर चारही तारांवर प्रत्येक पडदा एकेक करून वाजवावा. घाई करू नये, याला दहा मिनिटे लागतात. सर्वांत बारीक तारेवर, साधारण पाचव्या ते सातव्या पडद्यांच्या आसपास, एखादा स्वर उमटताच विझतो. त्या स्वराच्या कंपनाला लाकडी मान स्वतःच हलून साथ देते आणि तारेतली शक्ती शोषून घेते, म्हणून असे होते. बोल्टने जोडलेल्या मानेच्या चांगल्या गिटारींतही हा दोष थोडाफार आढळतो, तेव्हा त्यासाठी सौदा मोडू नये, पण तो किती आहे हे माहीत असावे.

विजेच्या भागांत घाबरण्यासारखे थोडेच असते. व्हॉल्यूमचे बटण ज्यावर बसते तो पॉट फिरवताना खरखर येत असेल तर ती क्लीनरच्या फवाऱ्याने बहुधा जाते, आणि केबल हलवल्यावर आवाज तुटत असेल तर केबल खोचण्याच्या जागेतल्या, म्हणजे जॅकच्या, तारेला डाग (सोल्डर) देऊन काम भागते. जॅझ बेसमध्ये एकच पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेत बदलणारा भाग, चालू ठेवल्यास घुमणारा आवाज येतो आणि दोन्ही सारखे उघडले की तो जवळजवळ नाहीसा होतो. ही त्या रचनेची रीत आहे, दोष नव्हे. पिकअप पूर्ण मुका असेल तर मात्र तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिला बेसच शिकायची आहे. तिचे हात लहान आहेत. दुकानदार म्हणतात की लहान मापाची बेस हे खेळणे असते. खरे काय?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : लहान मापाच्या बेसला खेळणे म्हणणे योग्य नाही. नेहमीच्या बेसमध्ये तारेची लांबी 34 इंच असते आणि लहान मापाच्या बेसमध्ये ती साधारण 30 इंच असते. बीटल्स या बँडमधील पॉल मॅकार्टनी यांच्या हातातली व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस याच लहान मापाची आहे. लांबीतला फरक चार इंचांचा असला तरी बोटांना तो पहिल्या चार पडद्यांत जाणवतो: मोठ्या मापात हे चार पडदे सुमारे 178 मिलिमीटर जागा घेतात, लहान मापात सुमारे 157. बारा वर्षांच्या पंजाला या दोन सेंटिमीटरांचे मोल फार आहे.

तरीही मोठ्या मापाची गिटार आधीच घरात असेल तर ती टाकून देण्याचे कारण नाही. डबल बेसचे वादक मानेच्या डोक्याकडच्या भागात पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरून तीनच पडद्यांइतका आवाका घेतात आणि बाकी हात सरकवतात. शिक्षकांना ती पद्धत शिकवायला सांगावी. लहान मापासाठी तारा घेताना मात्र त्याच मापाच्या मागून घ्याव्यात, आणि पट्टा रुंद घ्यावा, कारण बेसचे वजन चार किलोंच्या आसपास जाऊ शकते.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत असतो आणि दिवाळीला येताना तिकडचा जुना बेस अँप (अँप्लिफायर) आणणार आहे. इथे फक्त प्लग बदलला की चालेल ना? तोवर मी गिटारच्या अँपवर बेस वाजवली तर चालेल का?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : फक्त प्लग बदलून चालणार नाही, आणि हे भाच्याला आजच कळवावे. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची असते आणि आपल्याकडे 230 व्होल्टची. प्लग बदलल्याने पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. अँपच्या पाठीमागे वीजजोडणीजवळ एक पट्टी असते, तिचा फोटो मागवावा. तिच्यावर 100 ते 240 व्होल्ट असे छापले असेल तर निर्धास्त आणावा. केवळ 120 छापले असेल तर इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि त्याची क्षमता अँपच्या पट्टीवर लिहिलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त असावी लागेल. तसा अँप थेट आपल्या भिंतीत लावल्यास फ्यूज उडाला तर नशीब समजावे, कारण एरवी आतला ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो. अँप, ट्रान्सफॉर्मर आणि विमानातले वजन यांचा हिशेब मांडला तर इथेच वापरलेला अँप घेणे बहुतेक वेळा परवडते. भाच्याकडून तारांचे दोन-तीन संच मागवावेत, ते हलके असतात आणि नक्की कामी येतात.

गिटारच्या अँपवर घरात, हळू आवाजात सराव करण्यास हरकत नाही. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते, गिटारची सर्वांत खालची तार 82, म्हणजे बेस एक सप्तक खाली बोलते. इतक्या खर्जासाठी स्पीकरच्या कागदाला बरेच पुढे-मागे जावे लागते आणि गिटारचा स्पीकर त्यासाठी केलेला नसतो. आवाज वाढवला की तो आधी फडफडतो आणि मग फाटतो.

आपण विचारले नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. अँपवर किमान 4 ओहम असे लिहिले असेल तर त्याला 8 ओहमचे दोन स्पीकर बॉक्स समांतर जोडता येतात, 4 ओहमचे दोन जोडल्यास भार 2 ओहमवर येतो आणि अँप तापून बंद पडू शकतो. दुसरी गोष्ट अर्थिंगची. आपल्याकडे उत्सवाच्या मंडपात तीन पिनांच्या प्लगची एक पिन काढून काम भागवतात. अशा ठिकाणी बेसच्या तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावले की झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. मंडळातल्या कार्यकर्त्याला वाईट वाटले तरी चालेल, अर्थिंग पाहिल्याशिवाय वाद्य जोडू नये.

प्रश्न : मी तीस वर्षे ऑर्केस्ट्रात बेस वाजवली. आता बोटे आखडतात. 1980 च्या सुमारास मुंबईत घेतलेली बेस विकायची आहे. एक पिकअप मूळ नाही, मागे पट्ट्याच्या बकलाने रंग उडाला आहे. रंग नवा करून घेतला तर भाव वाढेल का? आणि एका माणसाने फोनवर पूर्ण किंमत मान्य करून क्यूआर कोड पाठवला आहे, तो स्कॅन करू का?
— एक ज्येष्ठ वादक, शिवाजी पेठ

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: तो कोड स्कॅन करू नये. पैसे घेण्यासाठी आपल्याला कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. वाद्य न पाहता, घासाघीस न करता पूर्ण किंमत मान्य करणारा माणूस, मग तो लष्करात असल्याचे सांगो की मोठ्या हुद्द्यावर असल्याचे, संशयास पात्र आहे. चुकून पैसे गेले तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

रंग अजिबात नवा करू नये. जुन्या वाद्याचा मूळ रंग, उडालेला असला तरी, त्याच्या वयाचा पुरावा असतो. तो खरवडला की जाणकार गिऱ्हाईक पाठ फिरवते. बकलाने रंग उडालेली ती जागा तीस वर्षांच्या कार्यक्रमांची आहे, तिचा स्पष्ट फोटो द्यावा. मूळ पिकअप घरात कुठे पेटीत पडला असेल तर, तो मुका असला तरी, गिटारीसोबत द्यावा.

वाद्याचे वय सांगताना आठवणीवर विसंबू नये. मागचे झाकण उघडून पॉटच्या धातूच्या पाठीवर छापलेले आकडे पाहावेत. पुष्कळ अमेरिकन पॉटवर सात आकडी खूण असते: पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. उदाहरणार्थ 1377932 म्हणजे सीटीएस कंपनीने 1979 च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनवलेला पॉट. पॉट मूळचाच असेल तर गिटार त्याच्या आधीची असू शकत नाही, एवढे त्यावरून ठरते. पॉट नंतर बदलला गेला असेल तर हा पुरावा चालत नाही, आणि ते जुन्या डागाची चमक पाहून ओळखता येते.

जाहिरातीत पिकअप बदलल्याचे पहिल्या दोन ओळींतच लिहावे. घेणारा तरुण पाचगाव किंवा गडहिंग्लजहून दुचाकीवर येणार, आणि त्याला हे घरी आल्यावर कळले तर तो किंमत पाडेल किंवा निघून जाईल. आधी कळले असेल तर तो ठरवूनच येतो. तारेची लांबी, काट्यावर तोललेले वजन, पडद्यांची झीज आणि ट्रस रॉड कुठवर आवळलेला आहे, हेही लिहावे. तो आला की अँप लावून ठेवावा, चहा द्यावा, आणि निवांत वाजवू द्यावे. सौदा ठरल्यावर दोघांच्या सहीची साधी खरेदीपावती करावी, तीत वाद्यावरचा क्रमांक आणि बदललेल्या भागांची नोंद असावी.

आपण एवढी वर्षे ज्या वाद्यावर पोट भरले ते वाद्य वाजवणाऱ्याच्याच हाती जावे, असे मला मनापासून वाटते. दोन गिऱ्हाइकांत किमतीचा फरक थोडाच असेल तर भिंतीवर टांगणाऱ्याऐवजी वाजवणाऱ्याला द्यावे.

प्रश्न : माझ्या बेसच्या मोकळ्या तारा स्वच्छ वाजतात, पण पहिल्या चार पडद्यांवर झणझण येते. पावसाळ्यात हे सुरू झाले. मिरजेच्या सतार बनवणाऱ्या कारागिरांकडे नेली तर ते दुरुस्त करतील का? तारा किती दिवसांनी बदलाव्यात?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मिरजेचे नाव आपण घेतले याचा मला आनंद वाटला. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तारेची झणझण म्हणजे काय हे त्या कारागिरांइतके बारकाईने जाणणारे लोक थोडे. पण त्यांची विद्या बरोबर उलट्या दिशेने चालते. तंबोऱ्याची घोडी ते किंचित गोलाईने घासतात, तार तिच्या पृष्ठभागाला हलकेच चाटून जाते, आणि तिच्याखाली सुताचा धागा सरकवून जवारी खुलवतात. ती झणझण हाच तंबोऱ्याचा प्राण आहे. बेसमध्ये आपल्याला तीच झणझण नको असते. मानेचा चिरलेला सांधा जोडायचा असेल तर त्यांच्याकडे जरूर जावे; ट्रस रॉडचे काम मात्र गिटारच्या कारागिराकडेच द्यावे.

आपल्या दोषाचे निदान पत्रातूनही बऱ्यापैकी होते. फक्त मोकळ्या तारा झणझणल्या असत्या तर डोक्याजवळच्या नटाच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, खाचा खोल गेल्या असाव्यात, असे मानता आले असते. फक्त वरच्या पडद्यांवर आवाज असता तर धडावर तारा जिथे टेकतात त्या ब्रिजवरचे सॅडल खाली बसले असावेत. आपला आवाज पहिल्या चार पडद्यांवर आहे आणि पावसाळ्यात सुरू झाला आहे, त्यामुळे हवेतल्या ओलीने लाकूड हलून मान जास्त सरळ झाली किंवा उलट्या बाजूला वळली असण्याचा संभव मोठा आहे. पहिल्या उत्तरातली कार्डाची परीक्षा करावी. फट मुळीच नसेल तर ट्रस रॉडचा नट पाव फेरा सैल करावा, गिटार पुन्हा सुरात लावावी आणि एक रात्र तशीच ठेवावी. लाकूड सावकाश हलते. दुसऱ्या दिवशी पाहून मगच पुढचा पाव फेरा द्यावा. नट जोर लावूनही हलला नाही तर तिथेच थांबावे.

झणझण अँपमधून ऐकू येते की नुसती खोलीत, हेही तपासावे. अँपमधून येत नसेल तर ती सोसण्यासारखी आहे, आणि अनेक चांगले वादक तारा खाली ठेवण्यासाठी तेवढी किंमत आनंदाने मोजतात.

तारांबद्दल ठराविक मुदत सांगता येणार नाही. खरबरीत वेटोळ्यांच्या, म्हणजे राउंडवाउंड तारांच्या खाचांत घाम आणि मळ बसतो आणि त्यांची चमक काही महिन्यांत उतरते. सपाट पट्टीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारांचा आवाज मुळातच गोल आणि दबका असतो आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात. अमेरिकेतील मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन आपल्या प्रिसिजनवर त्याच तारा वापरत आणि तुटल्याशिवाय बदलत नसत. आपण भावगीते आणि जुनी हिंदी गाणी वाजवत असाल तर एकदा त्या लावून पाहाव्यात. त्या लावल्यावर ताण बदलतो, त्यामुळे मानेची फट पुन्हा मोजावी लागेल. जून ते सप्टेंबर गिटार ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये, पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात, आणि वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती फडक्यात धरून डोक्याजवळच्या नटापासून ब्रिजपर्यंत एकदा पुसावी.